डावी भुवई

चाई लागली तेव्हा आधी डावी गेली,
मग उजवी, दोन महिन्यांच्या आत.
डोक्यावरचे केस शाबूत. भुवयाच तेवढ्या
कुणी खोडरबरानं पुसून काढाव्यात तशा.

पेन्सिलीनं काढायचे रोज, पहाटे पाचला,
लाइट असली तर आरशात, नसली तर अंदाजानं.
परभणी-जिंतूर, दिवसाला तीन फेऱ्या.
झरीपर्यंत टिकायच्या. बोरीला पोचेस्तोवर
घामानं उजवी कानशिलावर आलेली,
आणि पासवाली पोरं खिडकीकडं तोंड करून हसायलेली.

म्हणून महागाई भत्त्याचा फरक हातात आला तसं
वसमत रोडला मोनालीच्या पार्लरमध्ये गेले.
भिंतीवर सर्टिफिकेट, पुण्याचं, फ्रेम केलेलं.
तारखा जवळून वाचल्या असत्या तर कळलं असतं:
सोमवार ते गुरुवार.
साडेचार हजार. अर्धे आधी, अर्धे टचअपला.
"ताई, झोपून उठलात तरी भुवया जागच्या जागी."
ह्या एका वाक्याचे मी पैसे दिले.

बधिर करायची क्रीम लावली आणि लाइट गेली.
शेजारच्या मेडिकलमधून वायर ओढून आणीपर्यंत
बधिरपण उतरलं.
मग सुई. बाभळीच्या काट्यानं कुणी
सावकाश, विचार करकरून सही करतंय अशी.
मधेच तिचा फोन वाजला.
उचलला नाही, पण हात हलला.
तो हललेला हात अजून माझ्या तोंडावर आहे.

खपली पडली. आरशात बघते तर
उजवी आपल्या जागी, डावी बोटभर वर,
आणि रंग (तपकिरी म्हणाली होती)
स्टँपपॅडवर पाणी सांडल्यासारखा.

भुवई उंचावणं म्हणजे काय ते आता मला विचारा.
सुट्टे नाहीत म्हणणारा माणूस
माझ्याकडं बघतो आणि आतल्या खिशात हात घालतो.
मिसरूड फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागणारी बाई
"सहावीलाच हाय," म्हणते, आणि मग स्वतःहून,
"बरं, फुल द्या."
नवरा दहा मिनिटं उशिरा आला की
कुठं होतो ते सांगत सुटतो. मी विचारलेलं नसतं.
अय्युबभाई गाडी चालवता चालवता आरशातून:
"म्याडम, मैं क्या करा?"
चुलतसासऱ्याच्या मयतीला मी खरंच रडले,
पण अर्ध्या तोंडानं विचारत होते,
नक्की गेले का?

परत गेले मोनालीकडं. ती वाईट नाही.
चहा मागवला. मोबाइलचा उजेड पाडून बघितलं.
"तुमची स्कीनच तशी आहे, ताई."
मग जरा वेळ गप्प बसून, अगदी मनापासून,
"उजवी पण वर घेऊ का? फुकट."

उरलेले सव्वादोन हजार मी दिलेले नाहीत.
तिनं मागितलेले नाहीत.
मागताना माझ्याकडं बघावं लागेल.

काल झरीला जाणारी एक म्हातारी चढली,
पंच्याहत्तरच्या वरची, शून्याचं तिकीट.
आधार कार्ड काढता काढता थांबली.
तिच्या कपाळावर हिरवी चंद्रकोर,
हनुवटीवर तीन ठिपके.
"कोण्या जत्रंत गोंदून घेतलंस माय?"
पार्लरात, म्हणलं.
"काय घेतलं?"
सांगितलं.
तिनं कार्ड गपकन परत पिशवीत टाकलं,
जणू आता मी त्याचेही पैसे मागीन.
"मला पायलीभर जवारी अन् एक जुनं लुगडं. अन् हे बग,"
हनुवटी पुढं केली. तिसरा ठिपका
ओळ सोडून पार ओठाखाली.
"बोकड वरडलं. मी वळून बगितलं."

मग ते बोकड कुणाचं, त्याचं पुढं काय झालं,
गोंदणारीला तिच्या बापानं कसं पळवून लावलं,
आणि झरी मागं गेली.
बोरीला तिच्या ध्यानात आलं.
"सांगितलं का न्हाईस?" डोळे वटारून.
मी काहीच बोलले नाही.
पिशवी काखेत मारून ती पायरी उतरली,
वळली, माझ्याकडं बघितलं.
"आता अशी काय बगायलीस," म्हणाली,
"माझीच चूक हाय."